शांत खोलीचं दार

८ ऑक्टोबर

प्रिय ताई,

पत्र बघून दचकशील. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून तसाच सोडून देतेस. म्हटलं, कागदावर लिहावं. कागद फाडायचा तरी हातात घ्यावा लागतो.

आमचं बरं चाललंय. हॉस्पिटलात नवीन एक्स-रे मशीन आलंय. ते माझ्यापेक्षा शहाणं आहे असं आमच्या साहेबांचं मत. माझं दिवसभर तेच, 'श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा.' परवा भिंगरीला शिंक येत होती तर माझ्या तोंडून निघून गेलं, 'धरून ठेव!' तिचे बाबा, आमचे ड्रायव्हरसाहेब, हसून हसून बेजार. त्यांची बस आता नदीपलीकडे जाते, सकाळची पाळी असते. म्हणून भिंगरीला शाळेत सोडायचं काम माझं, आणायचं त्यांचं.

भिंगरी हे नाव तूच ठेवलंस आणि ते तिच्या हाडीमाशी खिळलं. पाच वर्षांची झाली, तरी खुर्चीवर बस म्हटलं की खुर्चीच्या पाठीवर बसते. दोन घासांच्या मध्ये घरभर एक फेरी. झोपेतसुद्धा डोकं होतं तिथे पाय येतात.

शाळेबद्दल तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. चांगली आहे. खरंच चांगली आहे, ताई. अंगणात मोठं झाड, भिंतींवर मुलांनीच रंगवलेले जाडजूड मासे. कॉन्व्हेंटच्या सगळ्या सिस्टर प्रेमळ. मोठी सिस्टर, म्हणजे मुख्याध्यापिका, प्रवेशाच्या दिवशी गुडघे टेकून भिंगरीच्या उंचीची झाली आणि आधी तिच्याशी बोलली. माझ्याकडे नंतर वळली. मी ती शाळा तिथेच पक्की केली. तू म्हणालीस, 'सिस्टरांच्या शाळेत घालू नकोस.' मी म्हटलं, 'कारण सांग.' तू कारण न सांगता उठून गेलीस, त्याला दीड वर्ष होऊन गेलं. ते उकरून काढायला मी पत्र लिहीत नाहीये.

बरं, जाता जाता एक. गेल्या काही दिवसांपासून भिंगरी बाथरूमचं दार लावू देत नाही. ती आत असली तरी नाही, मी आत असले तरी नाही. लहान मुलांचं असतं असं काहीतरी, येतं आणि जातं. आई सांगायची, तू शाळेत जायला लागलीस तेव्हापासून दिवा लावूनच झोपायचीस. कशामुळे, ते आईलाही ठाऊक नव्हतं. सहज आठवलं म्हणून विचारते.

तुझी,
धाकटी


१२ ऑक्टोबर

ताई,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय. मागच्या पत्रात 'सहज' लिहिलं होतं. सहज नव्हतं.

रविवारी भिंगरीला आंघोळ घालत होते. डोक्याला साबण, डोळे घट्ट मिटलेले, आणि एकदम म्हणाली, "आई, चादरवाल्याला पाय नाहीत."

"कोण चादरवाला?"

"शाळेतला. तो उभाच असतो. डोक्यावरून चादर घेतो. बोलत नाही."

"कुठे असतो तो?"

"शांत खोलीत."

"तू कशाला गेलीस तिथे?"

"मी हलले."

एवढंच. मग म्हणाली, "आई, साबण डोळ्यात जातोय." माझे हात थांबले होते ना.

ताई, एका बंद खोलीत माझी पोर आणि कुणीतरी न बोलणारा माणूस. त्या दिवशी मी काय काय विचार केला ते लिहीत नाही. तू बाई आहेस, तुला सांगायला नको. सोमवारी कामावरचा पांढरा कोट अंगावर घालूनच शाळेत गेले आणि म्हटलं, मला शांत खोली बघायचीय, आत्ता. भिंगरीची टीचर समोर होती. कोवळी पोरगी आहे, मुलं तिच्या अंगावर झाडावर चढावं तशी चढतात. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मोठी सिस्टर मात्र शांतपणे म्हणाली, "या ना."

प्रार्थनाघराच्या बाजूला एक बोळ आहे. त्याच्या टोकाला ही खोली. अरुंद. खिडकी आहे, पण पार छताजवळ. फळीवर मेणबत्त्या, रिकाम्या फुलदाण्या, घडी केलेले टेबलक्लॉथ. एक छोटं स्टूल. आणि कोपऱ्यात चादर पांघरून उभा असलेला माणूस.

मोठ्या सिस्टरने चादर ओढली. आत प्लास्टरचा संत! एक हात मनगटातून तुटलेला, नाकाचा रंग उडालेला. "बिचारे," ती म्हणाली, "दुरुस्तीवाल्याची वाट बघत कधीचे उभे आहेत." मी इतकी हसले, इतकी हसले की डोळ्यांतून पाणी. सगळ्याच हसल्या. टीचरने मला पाणी आणून दिलं. मी तिची माफीसुद्धा मागितली. हॉस्पिटलात जाऊन सगळ्यांना रंगवून सांगितलं.

संध्याकाळी ड्रायव्हरसाहेबांना सांगितलं. तेही हसले. मग आमटीचा चमचा तोंडापाशी नेता नेता थांबले.

"पण तिला तिथे ठेवलं का होतं?"

ताई, मी हे विचारलंच नव्हतं.

धाकटी


१६ ऑक्टोबर

ताई,

विचारून आले.

मोठ्या सिस्टरचं ऑफिस तू बघायला हवंस. टेबलावर मुलांनी केलेली मातीची जनावरं, कुणाला कान नाही, कुणाला शेपूट नाही, आणि तिने ती अगदी ओळीत मांडलेली. त्या जनावरांच्या पलीकडून तिने मला नीट, न चिडता समजावून सांगितलं. जे मूल वर्गात स्वस्थ बसत नाही, दुसऱ्यांना बसू देत नाही, त्याला थोडा वेळ शांत खोलीत नेतात. तिथे ते स्वतःला आवरतं आणि परत येतं. तिने स्वतःच सुरू केलेली पद्धत आहे.

"आम्ही कोंडत नाही," ती म्हणाली. "कडी लावत नाही. दार नुसतं लोटतो."

"आतून उघडतं?"

"मूठ आहे ना आतून."

"सिस्टर, ती मूठ माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर आहे."

ती थोडी थांबली. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नाही, हे मला त्या थांबण्यावरूनच कळलं. मग म्हणाली, "आमच्या आयुष्यात शांततेला फार मोल आहे. ती शिक्षा नव्हे. मी तिला भेट मानते."

मी म्हटलं, "नको असलेली भेट परत करता येते, सिस्टर. या भेटीचं दार त्यांना उघडताच येत नाही."

मग ती जरा ताठ झाली. म्हणाली, शाळेच्या पद्धती सगळ्याच पालकांना पटतात असं नाही, आणि न पटणाऱ्यांवर शाळेची सक्ती नाही. म्हणजे काय, ते तुलाही कळलं असेल. मी म्हटलं, "मला शाळा पटते. ती खोली पटत नाही." आणि उठले.

घरी वेगळीच लढाई. ड्रायव्हरसाहेबांनी डेपोजवळची शाळा बघूनही ठेवलीय. "पोरीला काढू आणि मोकळे होऊ," म्हणतात. मी नाही म्हटलं. भिंगरी गेली तर त्या स्टुलावर उद्या दुसरं कुणी बसेल. आणि भिंगरीला तिथलं झाड आवडतं, मैत्रिणी आवडतात, टीचरसुद्धा आवडते. शिक्षा तिने भोगायची आणि शाळाही तिनेच सोडायची, हा कुठला न्याय? ते म्हणाले, "तू हट्टी आहेस." मी म्हटलं, "लग्नाआधी बघायचं होतं." पण एक केलं. टीचरला स्पष्ट सांगून आले, भिंगरीला त्या खोलीत न्यायचं नाही. हलली तर मला फोन करा, मी येऊन घेऊन जाईन. तिने मान हलवली. मला वाटलं, तिला बरंच वाटलं.

ताई, आता सरळ विचारते. तुला काय झालं होतं? सांगायचं नसेल तर नको सांगूस. पण सांगायचं असेल, तर आता मी कारण मागत नाहीये. नुसती ऐकेन.

धाकटी


२४ ऑक्टोबर

ताई,

काल तू फोन केलास. तू जे सांगितलंस ते मी इथे लिहीत नाही. तुझ्याही वेळी एक दार होतं, एवढंच या कागदाला पुरे. 'हे कुणाकडे बोलायचं नाही,' म्हणालीस. नाही बोलणार. ड्रायव्हरसाहेबांनाही नाही सांगितलं. फोन ठेवल्यावर मी ओट्यापाशी उभी राहून भांडी घासली. त्यातली बरीचशी घासलेलीच होती.

आता इकडचं ऐक. मी आठवडाभर दुपारची सुट्टी टाकून शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभी राहते. आयाबापांशी बोलते. बहुतेकांना शांत खोली माहीतच नाही. मुलांना विचारा म्हटलं की हसतात. एक आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी तर छड्या खायचो, हे काय घेऊन बसलात!" मी म्हटलं, "आजी, आवडायच्या का छड्या?" त्या म्हणाल्या, "छे!" आणि स्वतःच विचारात पडल्या.

एका मुलाचे वडील म्हणाले, "आमच्याला तर फायदा झाला हो. आता गप्प बसतो."

"वर्गात?"

"हो. घरीही. घरीही अगदी गप्प—"

आणि त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. मुलाचं दप्तर उचलून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मला पाहून त्यांनी रस्ता ओलांडला. तिसऱ्या दिवशी ओलांडला नाही.

कोपऱ्यावरची बेकरीवाली माझ्याशी पहिल्या दिवशी फटकून वागली. तिचा मुलगा भिंगरीच्याच वर्गात. काल तिने मला बेकरीत आत बोलावलं, पिठाच्या गोणीवर बसवलं आणि एप्रनला हात पुसत म्हणाली, "आमचा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलाय. मी त्याला मारलं, माहितीय? मला वाटलं, मुद्दाम करतो." मग तिने माझ्याकडे पाठ केली आणि ट्रे लावायला लागली. मी तिथेच बसून राहिले. जरा वेळाने ती म्हणाली, "काय करायचंय, सांग."

दातांचे डॉक्टर आहेत ना, पालक समितीचे अध्यक्ष, त्यांचाही फोन आला. आवाज असा गोड की हिरड्या बधिर व्हाव्यात. "वहिनी, शाळेची नाचक्की होईल असं काही नको. पुढच्या वर्गांचे प्रवेश आहेत, तुमचाही विचार करा." मी म्हटलं, "माझाच विचार करतेय, डॉक्टर. पालकांची सभा बोलवा." ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, तुम्ही बघेपर्यंत मी फाटकावर आहेच.

घरातली गंमत सांगते. बाथरूमचं दार उघडं राहतं, म्हणून आम्ही नियम केलाय. आत जो असेल त्याने गाणं म्हणायचं, म्हणजे बाहेरच्याने यायचं नाही. ड्रायव्हरसाहेब इतके बेसूर आहेत हे लग्नाला एवढी वर्षं होऊन मला ठाऊक नव्हतं. शेजारच्यांनाही आता ठाऊक झालं.

धाकटी


४ नोव्हेंबर

ताई,

'मिटलं का?' एवढाच मेसेज तुझा आला. एवढा आला हेही खूप झालं.

मिटायला आलं होतं. मीच मिटू दिलं नाही. ऐक आणि मग ठरव, मी चुकले का.

डॉक्टर स्वतः घरी आले. जिने चढून धापा टाकत. पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. समितीचं ठरलंय. टीचरला महिनाअखेर निरोप द्यायचा. विषय संपला."

"टीचरला का?"

"मुलांना तीच न्यायची ना त्या खोलीत."

"नेण्याची पद्धत कुणाची?"

ते छताकडे बघायला लागले. म्हणाले, "सिस्टरांना सगळं गाव मानतं. मोठं नाव आहे. पोरगी काय, तिला दुसरीकडे कुठेही नोकरी लागेल."

"आणि खोली?"

"खोलीचं काय, राहील की तिथेच."

ताई, त्या क्षणी ड्रायव्हरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मान्य कर, म्हणत होते डोळ्यांनी. मान्य कर आणि संपव. फाटकावर उभं राहून माझे पाय सुजलेत, हॉस्पिटलातल्या साहेबांनी सुट्ट्यांवरून ऐकवलंय, भिंगरीच्या एका मैत्रिणीच्या आईने वाढदिवसाचं बोलावणं फिरवलं. मीही थकलेय. पण मी म्हटलं, "मला ती बाई जायला नकोय. मला ते दार जायला हवंय."

डॉक्टर गेल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. "तुला नेमकं हवंय तरी काय?" ते म्हणाले. "कुणाला तरी शिक्षा झाली ना!" मी म्हटलं, "मला शिक्षा नकोच आहे कुणाला. तेच तर सांगतेय सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी टीचर मला बसथांब्यावर भेटली. मुद्दाम थांबली होती. तिला सगळं कळलं होतं. म्हणाली, "मदतनीस बाई गेल्यापासून मी एकटीच आहे वर्गात. एकाला सावरलं की दुसरं पडतं. मोठ्या सिस्टरने सांगितलं, तसं केलं. पण दार लोटलं की मी बोळातच उभी राहायचे. आतून आवाज आला नाही की वाटायचं, शांत झालं मूल." मग म्हणाली, "भिंगरी एकदाही रडली नाही हो. मला वाटलं, तिला चालतंय."

 माझी बस आली तरी गेले नाही. तिला तिथे एकटी ठेवून जाववेना.

सभा ठरलीय. मी टीचरच्या बाजूने बोलणार म्हटल्यावर बेकरीवाली रागावलीय. माझी माणसंच आता अर्धी माझ्यावर नाराज आहेत. तरी जाणार.

धाकटी


११ नोव्हेंबर

ताई,

सभा झाली.

वर्गातच भरली होती. मोठ्या खुर्च्या नव्हत्या, म्हणून सगळे मुलांच्या खुर्च्यांवर. गुडघे हनुवटीला टेकलेले. डॉक्टर तर असे घडी होऊन बसले होते की उठवायला दोघं लागतील. मोठी सिस्टरही तशीच एका लाल खुर्चीवर, पाठ ताठ.

डॉक्टरांनी प्रस्तावना केली. गैरसमज, भावना, शाळेचा लौकिक, सगळे शब्द येऊन गेले. मग मी उठले. घोकून गेले होते, ते सगळं विसरले. शांत खोलीत काय आहे, मूठ कुठे आहे आणि आतल्या मुलाला काय दिसतं, एवढंच सांगितलं. म्हटलं, मला टीचर जायला नकोय, तिला मदतीला माणूस हवंय. आणि कुठलंही मूल बंद दाराआड एकटं नको. बस.

मागून एक गृहस्थ म्हणाले, "एवढा बाऊ कशाला? मुलं विसरतात. मोठी झाली की त्यांना आठवतसुद्धा नाही."

ताई, तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, "माझ्या घरातली एक जण—"

सगळे वळून बघायला लागले. मोठी सिस्टरही. तू फोनवर सांगितलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं, तुझ्याच शब्दांत. एवढं एक सांगितलं असतं तर त्या गृहस्थांचं तोंड कायमचं बंद झालं असतं. 

मी गिळलं ते. "नाही, काही नाही," म्हटलं आणि खाली बसले. मला वाटलं, हरलो. बेकरीवालीने कपाळाला हात लावला.

आणि ड्रायव्हरसाहेब उभे राहिले. चारचौघांत बोलायचं म्हटलं की यांना घाम फुटतो, तुला माहितीच आहे. लग्नात आभार मानायला उठले होते आणि नुसतेच हात जोडून बसले होते. म्हणाले, "मला भाषण येत नाही. माझी मुलगी घरात कुठलं दार लावू देत नाही. आम्ही बाथरूममध्ये गाणी म्हणतो." कुणीतरी हसलं. ते थांबले, हसणं संपू दिलं. "मला फक्त एवढंच विचारायचंय. आणखी कुणाच्या घरी पोर बदललंय? असेल त्यांनी हात वर करा. बोलायला नको. नुसता हात."

कुणी हलेना. मला त्यांच्याकडे बघवेना. तसेच उभे होते, शर्टाची पाठ ओली.

मग बेकरीवालीचा हात वर गेला. पिठाचा, पांढरा. मग त्या 'गप्प बसतो'वाल्या वडिलांचा. मग भिंतीकडच्या दोन आयांचा, एकमेकींकडे बघत. आणि मग, ताई, डॉक्टरांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने हात वर केला. डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. ती हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही घरी असता कुठे?"

मोठी सिस्टर एकेका हाताकडे बघत होती. घाई न करता, प्रत्येकाकडे. मग त्या छोट्या खुर्चीवरून कष्टाने उठली आणि म्हणाली, "मला विचार करायचाय." आणि निघून गेली.

घरी येताना मी ड्रायव्हरसाहेबांना म्हटलं, "कधी ठरवलंत बोलायचं?" ते म्हणाले, "तू गप्प बसलीस तेव्हा. तू गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. म्हटलं, हिला काहीतरी फार जड झालंय." पुढे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

धाकटी


१८ नोव्हेंबर

ताई,

आज मोठी सिस्टर घरी आली.

आमची लिफ्ट बंदच असते. जिना चढून आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. मी चहा ठेवते म्हटलं, ती म्हणाली, आधी काम. आणि भिंगरीबद्दल विचारलं. भिंगरी सोफ्याच्या पाठीवर घोडा करून बसली होती. सिस्टर तिच्यासमोर गुडघे टेकून बसली.

"मी तुला शांत खोलीत बसवायला सांगत होते," ती म्हणाली. "ते माझं चुकलं. टीचरचं नाही, माझं. आता तिथे कुणालाच बसवणार नाही."

भिंगरीने तिला नीट न्याहाळलं. मग विचारलं, "तुला कोणी कोंडलं होतं?"

मी मध्ये पडणार होते, 'अगं, तुम्ही म्हणावं' वगैरे. सिस्टरने हात करून मला थांबवलं.

"नाही," ती म्हणाली. "मला कधीच कोणी कोंडलं नाही. म्हणून मला कळलं नाही."

भिंगरीला हे उत्तर पटलं असावं. "बरं," म्हणाली आणि घोडा हाकायला लागली.

मग आम्ही चहा घेतला. दार काढून टाकलंय. सुताराने बिजागऱ्यांसकट उचकटून नेलं. मदतनीस बाई मिळेपर्यंत पालकांनी आळीपाळीने वर्गात यायचं ठरलंय, पहिलं नाव बेकरीवालीने दिलं. टीचर राहतेय. सगळं गोड झालं असं नाही. काही जण अजून माझ्याशी बोलत नाहीत, वाढदिवसाचं ते बोलावणंही परत आलं नाही. आणि भिंगरी घरातली दारं अजूनही लावू देत नाही. आमच्या हॉस्पिटलातल्या मुलांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळ लागेल. लागू दे.

निघताना सिस्टर जिन्यात थांबली. म्हणाली, "सभेत तुम्ही एक वाक्य अर्धं सोडलंत. मी आठवडाभर त्याचाच विचार करत होते. कुणाबद्दल होतं?"

"ते वाक्य माझं नाही, सिस्टर," मी म्हटलं. "ज्यांचं आहे, त्यांनी पूर्ण करायचं."

तिने मान हलवली. म्हणाली, "ती कधी बोलली, आणि माझ्यासारख्या कुणाला ऐकवावंसं वाटलं तिला, तर मी ऐकेन." आणि कठडा धरून सावकाश उतरून गेली.

निरोप पोचवलाय. तिच्या वतीने मी काही मागत नाहीये. त्या निरोपाचं तू काय करायचं, ते तुझं तू बघ.

धाकटी


२५ नोव्हेंबर

ताई,

'शनिवारी येते' एवढं वाचून मी मेसेज ड्रायव्हरसाहेबांना दाखवला. मग भिंगरीला दाखवला, तिला वाचता येत नाही तरी. 'मोठी मावशी म्हणजे केवढी मोठी?' असं विचारतेय सारखी.

थांब्यावर हे येतील घ्यायला. भिंगरीसाठी खाऊबिऊ आणू नकोस, तुलाच भंडावून सोडेल ती. तुझं अंथरूण मी आतल्या खोलीत घालणार आहे, माझ्या शेजारी. शाळा बघायला जायचं असं माझ्या मनात अजिबात नाही, धास्ती घेऊ नकोस. दोन दिवस नुसतं बसू. तुला बोलावंसं वाटलं तर बोल. नाही वाटलं तर आपण आईच्या तऱ्हा आठवून हसू, त्याला विषय पुरतात.

एक राहिलं. त्या दिवशी फोनवर सगळं सांगून झाल्यावर तू शेवटी विचारलंस, 'तुझा विश्वास बसतोय ना?' मी 'हो' म्हटलं, पण तोवर तू फोन ठेवला होतास. ऐकू गेलं की नाही कोण जाणे. शनिवारपर्यंत त्या शंकेत राहू नकोस, म्हणून लिहून पाठवतेय.

हो.

धाकटी